सायकल आणि पाऊस (भाग ६) : बुटातलं तळं

गेल्या आठवड्यात ओल्या रिमवर ब्रेक का घसरतो ते पाहिलं. आज पाय. पावसात निघालेला माणूस त्र्यंबकच्या अलीकडूनच परत फिरतो, तेव्हा बहुतेक वेळा दम संपलेला नसतो, बोटं बधिर झालेली असतात.

गोदेला पूर आला की नाशिककर तो दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतो. पाणी पायाला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेपर्यंत चढलं. सायकलवाल्याच्या पायाला मात्र पाणी तीन बाजूंनी लागतं. वरून पिंढरीवरून ओघळत येतं, समोरून पुढच्या चाकाची चिळकांडी येते आणि बुटाच्या आत घाम असतोच. आपण सगळे वरच्या पाण्याची काळजी करतो. खरा गुन्हेगार पुढचं चाक.

दूधवाल्यांच्या जुन्या काळ्या सायकली आठवा. पुढे-मागे लांब पत्र्याचं मडगार्ड, त्याच्या टोकाला रबरी फ्लॅप, वर चेनकव्हर. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, त्या कौतुकात अनेकांनी गिअरची सायकल घेतली. मीही घेतली. तिला मडगार्ड नव्हतं, आणि ते नसणं हीच ऐट होती! टायरला चिकटलेलं पाणी चाकाच्या मागच्या, खालच्या अंगाने सुटतं आणि थेट पावलांवर येतं. म्हणून पुढचं आखूड प्लास्टिकचं मडगार्ड पायांच्या काही कामाचं नाही. ते खाली उतरलेलं हवं आणि त्याला जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत लोंबणारा फ्लॅप हवा. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून, दोन भोकं पाडून बांधला तरी चालतो. पाऊस थांबल्यावरही रस्ता तासभर ओला असतो, तेव्हा तर सगळं पाणी चाकाचंच.

आता थंडीचं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला हजारो लोक अनवाणी, भर पावसात रात्रभर चालतात. त्यांचे पाय भिजतात, सोलतात, पण गारठून बधिर झाल्याची तक्रार क्वचितच ऐकू येते. चालताना पाऊल दर ढांगेला वाकतं, रक्त खेळतं. सायकलवर मात्र मांड्या राबतात आणि पाऊल बुटात आवळून जवळजवळ स्थिर बसलेलं असतं. त्यावर ताशी वीस-पंचवीस किलोमीटरचा वारा. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि ओल्या मोज्यातलं पाणी ती तुमच्या बोटांकडून घेतं. सुती मोजा पाणी धरून ठेवतो, त्वचेला चिकटतो, हवेला जागाच उरत नाही. लोकरीच्या तंतूंना नैसर्गिक कुरळेपणा असतो. त्यामुळे भिजल्यावरही त्यांच्यात थोडी हवा अडकून राहते. पावसाळ्यात लोकर ऐकून हसू येईल, पण पातळ लोकरी मोजे एकदा घालून बघाच. फक्त बूट घट्ट होता कामा नये. दोन मोजे कोंबून बूट आवळला, तर रक्तच अडतं आणि पाय आणखी गार पडतात.

मग वॉटरप्रूफ बूट? एका दुकानदाराच्या आग्रहावरून मीही महागडे घेतले होते. पहिने फाट्याजवळ थांबून एक काढला आणि उपडा केला, तर चहाचा कप भरेल एवढं पाणी निघालं. पाणी घोट्याच्या तोंडातून आत आलं होतं आणि बाहेर जायला वाट नव्हती. थंड देशांतले सायकलस्वार बुटांवर रबरी आवरणं चढवतात, ती तिथल्या पाच-सात अंशांच्या पावसासाठी. आपल्याकडे ऑगस्टच्या पहाटेही पारा विशीच्या वर असतो. माझं मत स्पष्ट आहे : आपल्या पावसात जाळीचा बूट किंवा पट्ट्याची सँडल बरी. पाणी येऊ द्या, जाऊ द्या. रेनकोटची पँट बुटाच्या वरून सोडा, आत खोचू नका. उजव्या पायाला तेवढा रबरबँड लावा, नाहीतर चेन पँट खाईल.

डिसेंबरात निफाडकडच्या द्राक्षबागांमधून पहाटे जाणाऱ्यांनी मात्र जाळी बंद करावी. मोज्यावर साधी प्लास्टिकची पिशवी, मग बूट. तासाभरापुरतं हे पुरतं, त्यापुढे आतला घामच भिजवतो.

लांब पल्ल्याला दुखणं वेगळं. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते. एवढा वेळ पाय ओले राहिले की कातडी पांढरी पडून फुगते आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. इगतपुरीकडच्या भातलावणीवाल्यांना हे नवं नाही. त्यावर मेंदी लावायची रीत जुनीच. निघण्यापूर्वी बोटांमध्ये कोकमतेल किंवा व्हॅसलीन चोळा. कोरडे मोजे पिशवीत बांधून न्या, पण पाऊस उघडल्यावरच बदला. पावसातच बदलले तर ते वाया गेले.

घरी आल्यावर बूट शेगडीजवळ ठेवू नका, डिंक सुटतो. आतला सोल बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने ते बदला. पहिल्या बोळ्यांनीच बरंचसं पाणी ओढलेलं असतं.

पुढच्या आठवड्यात चेन आणि गंज. तोवर सायकलचं पुढचं मडगार्ड कुठे संपतं ते एकदा वाकून बघा.