तिकीट नाही? टेकडीवर या!

जुलै 2024. म्युनिकच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये टेलर स्विफ्टचे लागोपाठ दोन शो. आत हाउसफुल्ल! आणि बाहेर? शेजारच्या हिरव्यागार टेकडीवर सतरंज्या अंथरून, खायची-प्यायची सोय करून आणखी हजारो जण बसलेले. तिकीट-बिकीट काही नाही. टेलरबाईंनी स्टेजवरून या फुकट्या पब्लिकचीही दखल घेतली!

यात आर्किटेक्चरचा काय संबंध, असं विचाराल. तर बॉस, सगळा संबंध तिथेच आहे. ही टेकडी निसर्गाने दिलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांत शहर कोसळलं, त्याचा राडारोडा इथे आणून टाकला गेला. ढीग वाढत वाढत 50 मीटरच्या वर गेला. 1972चं ऑलिंपिक म्युनिकला मिळालं, तेव्हा हा ढीग उचलायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. त्यावर गवत-झाडं लावली, खाली तळं केलं आणि तोच पार्कचा हीरो झाला.

आर्किटेक्ट होते ग्युंटर बेनिश. त्यांच्यापुढे 1936चं बर्लिन होतं. हिटलरचं ऑलिंपिक, दगडी खांब, सरळ रेषा, माणसाला मुंगी वाटायला लावणारा थाट. नव्या जर्मनीला यातलं काहीच नको होतं. म्हणून इथे स्टेडियम जमिनीत खोल उतरवलं. बाहेरून उंच भिंत दिसत नाही, चालता चालता तुम्ही थेट त्याच्या काठावर पोचता.

आणि ते छप्पर... अहाहा! स्पर्धेच्या मॉडेलमध्ये काड्यांवर चक्क लेडीज स्टॉकिंगचं कापड ताणलं होतं. तंबूंच्या बांधकामातले उस्ताद फ्राय ओटो मदतीला आले. पोलादी तारांचं जाळं, वर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे तुकडे. स्टेडियम, हॉल आणि स्विमिंग पूल मिळून सुमारे 75 हजार चौरस मीटर. खर्चाचा अंदाज पार कोलमडला, हे वेगळं सांगायला नको. पण कोळ्याच्या जाळ्यासारखं हे छत एका इमारतीवरून दुसरीवर जातं, तेव्हा इमारत कुठे संपते आणि बाग कुठे सुरू होते तेच कळत नाही.

पार्कचं काम ग्युंटर ग्रझिमेक यांच्याकडे. त्यांचा फंडा सोपा होता, हिरवळ ही बघायची नाही, तुडवायची! ('हिरवळीवर चालू नये'च्या पाट्या वाचत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पचायला जडच.)

एक भन्नाट किस्सा. तिमोफेई नावाच्या रशियन निर्वासिताने इथे ढिगाऱ्यातल्याच सामानाने विनापरवाना छोटं चर्च बांधलं होतं. छताला आतून चॉकलेटची चंदेरी कागदं! घोडेस्वारीच्या मैदानासाठी त्याला उठवायचं ठरलं, तर म्युनिककरच खवळले. शेवटी मैदान दुसरीकडे गेलं. तिमोफेई 2004मध्ये वारला आणि 2023मध्ये ते चर्च आगीत जळालं.

या खुलेपणाची किंमतही मोठी मोजावी लागली. बंदूकधारी पोलीस दिसू नयेत म्हणून सिक्युरिटी मुद्दाम सैल ठेवलेली. 5 सप्टेंबर 1972च्या पहाटे अतिरेकी कुंपण ओलांडून खेळाडूंच्या वसाहतीत शिरले. इस्रायलच्या टीममधले 11 जण आणि एक जर्मन पोलीस मारला गेला. त्यानंतर सगळा पार्क भिंतीआड टाकला असता, तर कोण काय बोललं असतं? तसं झालं नाही. 2017मध्ये स्मारक उभं राहिलं, तेही याच पार्कमधल्या एका उंचवट्यात, येता-जाता कुणीही आत डोकावू शकेल असं.

खरी परीक्षा 2005मध्ये झाली. बायर्न म्युनिक क्लब नव्याकोऱ्या अलियान्झ अरेनात शिफ्ट झाला. घरचा क्लब गेला, की स्टेडियमचा पांढरा हत्ती होतो, हे जगभर पाहिलंय. इथे मात्र जॉगिंगवाले, बाबागाडीवाले, बर्फात घसरगुंडी खेळणारी पोरं, तळ्याकाठच्या फुकट मैफली, सगळं चालूच राहिलं. खेळाडूंच्या खोल्यांत तर कधीचीच कुटुंबं आणि स्टुडंट्स राहायला आले होते.

ऑफिसच्या कामाने म्युनिकला गेलात, तर यू-3 मेट्रोने ऑलिंपियात्सेन्ट्रुमला उतरा. पार्कला तिकीट नाही. संध्याकाळी टेकडी चढा. हवा स्वच्छ असेल तर एका बाजूला ते काचेरी छत आणि दुसऱ्या बाजूला थेट आल्प्स!