निवडुंगावरचा किरमिजी किडा

फड्या निवडुंगावर पांढऱ्या कापसाचे पुंजके चिकटलेले आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असतील, आणि बुरशी समजून सोडूनही दिले असतील. त्यांतला एखादा पुंजका बोटाने चिरडून पाहावा. बोट रक्तासारखे लाल होते. हा कापूस म्हणजे मेण, आणि त्याखाली एक किडा दडलेला असतो. ढेकूण, मावा, तुडतुडे यांच्याच गणगोतातला हा किरमिजी किडा.

दडलेली असते ती मादी. सुईसारखी सोंड निवडुंगात रोवून ती एकदा स्थिरावली, की जन्मभर तेथून हलत नाही. पंख नाहीत, पाय असून नसल्यासारखे. नराची तऱ्हा उलटी. त्याला पंख फुटतात, पण तोंडच नसते! चार दिवस उपाशी राहून, मादीला गाठून तो संपतो. मग नवा निवडुंग शोधायचा कोणी? ते काम पिलांचे. टिंबाएवढी पिले फड्याच्या कडेवर चढतात. त्यांच्या अंगावरचे मेणाचे लांब तंतू वारा धरतात आणि पिले उडून जातात. खाली निवडुंगच लागला तर ठीक, नाहीतर उपासमार. अंगातला लाल रंग मात्र कामाचा आहे, कारण तो मुंग्यांना रुचत नाही.

माणसाला तोच रंग हवा होता. मेक्सिकोतल्या किरमिजी रंगाची मक्तेदारी स्पेनकडे होती. ती मोडावी म्हणून १७९५ साली ब्राझीलहून किडा बंगालमध्ये आणविण्यात आला. तो निघाला निराळ्याच जातीचा, हलक्या रंगाचा. धंदा बसला, पण किड्याने भलताच पराक्रम केला. उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात माजलेली निवडुंगाची एक जात त्याने खाऊन जवळजवळ नाहीशी केली.

दक्षिणेत मात्र दुसऱ्या जातीच्या निवडुंगाने शेते आणि कुरणे व्यापली होती. तिला हा किडा पुरा पडेना. आपल्याला दोन्ही निवडुंग सारखेच काटेरी दिसतात. किड्याच्या सोंडेला तो फरक कळतो. अखेर १९२६ साली श्रीलंकेहून किरमिजी किड्याची वेगळी जात आणली, आणि पाचसहा वर्षांत ती दाट बने आडवी झाली. हजारो तोंडांनी रस ओढला की फडे पिवळे पडतात, गळतात आणि कुजतात. कोयता आणि आग यांना जे साधले नव्हते, ते या बसल्या जागेवरून न हलणाऱ्या जिवाने केले.

हीच जात २०१४ साली मोरोक्कोत दिसली. तेथे निवडुंगाची बोंडे विकून आणि त्याचे फडे जनावरांना घालून कित्येक गावांचा संसार चालतो. काही वर्षांत तेथील निवडुंगाचे मळे पांढरे होऊन वाळले, आणि सरकारला या किड्याला न जुमानणारी रोपे शोधून नव्याने लावावी लागली.