उजनी हिरवी का होते?

उन्हाळ्यात उजनी धरणाचा साठा उणे पातळीत (उपयुक्त साठ्याच्या खाली) गेला, की पळसदेवचे बुडालेले मंदिर उघडे पडते आणि त्याच सुमारास इंदापूर तालुक्याच्या काठाला हिरवा तवंग धरतो. ‘उन्हाने पाणी नासले’ हा त्यावरचा ठरलेला निवाडा. तो अगदीच खोटा नाही. तवंगात सापडणाऱ्या मायक्रोसिस्टिससारख्या नीलहरित शैवालांना कोमट, संथ पाणी मानवते. पेशींतल्या हवेच्या सूक्ष्म कप्प्यांमुळे ती वर तरंगतात आणि खालच्यांच्या वाट्याचे ऊनही खातात. पण ऊन ही काडी झाली. सरपण आधी रचलेले असावे लागते, आणि ते सरपण म्हणजे फॉस्फरस.

१९७३ साली कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाच्या तळ्यात मधोमध पडदा टाकला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्या बाजूला त्यांच्या जोडीला फॉस्फरस. ऊन तेच, तळेही तेच. हिरवी झाली ती फक्त फॉस्फरसची बाजू. हिशेब साधा आहे: एक किलो फॉस्फरसवर सुमारे शंभर किलो कोरडे शैवाल पोसले जाऊ शकते. नायट्रोजन कमी पडला, तर काही नीलहरित जाती तो हवेतून घेतात (भातखाचरात त्यांचा खत म्हणून वापर होतो तो यामुळेच). फॉस्फरस मात्र हवेतून मिळत नाही.

उजनीत तो येतो कुठून? पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येऊन थांबते. मलमूत्र आणि धुण्याची पावडर, दोन्हींत फॉस्फरस असतो. शहरात शुद्धीकरण प्रकल्प आहेत, हा आक्षेप येईल. पण साध्या प्रकल्पाचे मुख्य काम सेंद्रिय घाण कमी करणे. विरघळलेला फॉस्फरस पकडायला तुरटी किंवा लोहक्षारांची, नाहीतर खास जीवाणूंची वेगळी पायरी लागते. ती नसेल तर नितळ दिसणारे पाणीही शैवालाला पोटभर खाऊ घालते. शहरी वाचक उलट बोट काठच्या उसाकडे दाखवतील, आणि त्यात तथ्य आहे. डीएपी खतातला फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटतो आणि जोराच्या पावसात त्या मातीबरोबर वाहून येतो. फरक इतकाच, की शेतातला वाटा मुख्यतः पावसाळी, तर गटाराला सुट्टी नसते. शेजारच्या बारामतीला मात्र यात फार गोवता येत नाही: तिथली कऱ्हा नदी नीरेला मिळते, आणि नीरा भीमेला भेटते ती धरणाच्या खाली, नीरा नरसिंगपूरला.

खरी अडचण तळाशी आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत. वर्षानुवर्षे आलेला गाळ तिथेच बसतो. तळचा प्राणवायू संपला, की गाळातल्या लोहाने धरून ठेवलेला फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो. म्हणून वरचे सांडपाणी उद्या बंद झाले, तरी तवंग लगेच हटणार नाही. याचा अर्थ उपाय फोल असा काढणे चूक ठरेल. भर थांबल्याशिवाय गाळातली शिल्लक उतरायला सुरुवातही होणार नाही. काठावरच्या भिगवणला अग्निपंख (फ्लेमिंगो) येतात म्हणजे पाणी चांगले, हा युक्तिवादही टिकत नाही. ते चिखलातले किडे आणि शैवाल गाळून खातात. माणसासारखा पेला तोंडाला लावत नाहीत. मायक्रोसिस्टिसचे काही वाण यकृताला घातक विष तयार करतात आणि पाणी उकळून ते जात नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये एरी सरोवरातल्या अशाच तवंगामुळे अमेरिकेतील टोलेडो भागातल्या सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूही नका, असे सांगावे लागले होते. सोलापूर शहर उजनीचेच पाणी पिते.