ज्ञानेश्वरी ‘ह’च्या नंतर

वाचनालयाच्या बाईंनी माऊसचं चाक फिरवत यादी थेट तळाला नेली. ‘ह’ संपला आणि यादीही संपली.

“अहो दादा, ज्ञानेश्वरी कुठे गेली?”

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे सार्वजनिक वाचनालय. दाराशी कार्डांचं लाकडी कपाट, त्याला छोटे छोटे खण, प्रत्येक खणावर शाईनं लिहिलेलं अक्षर. पुण्याहून मी आणि माझा मित्र तिथल्या जुन्या संगणकावर पुस्तकांच्या नोंदीचा प्रोग्राम बसवायला गेलो होतो. पहिलाच दिवस. ज्ञानेश्वरी यादीत होती, पण ‘जौ’ आणि ‘झ’ यांच्या मधे अडकलेली. बाईंनी मला कपाटाशी नेलं आणि शेवटचा खण ओढून दाखवला. त्यावर लिहिलं होतं : ह, ळ, क्ष, ज्ञ. शाळेच्या पाटीवर आपण हाच क्रम गिरवलेला असतो. ज्ञानेश्वरी शोधायला मराठी माणूस शेवटच्या खणाकडेच जाणार.

संगणकाला ‘ज्ञ’ नावाचं अक्षर माहीत नसतं. त्याच्या लेखी ते ज, हलन्त आणि ञ अशी तीन चिन्हं. माहिती ठेवायला आम्ही घेतलेला एसक्युलाइट हा डेटाबेस काही सांगितलं नाही तर नुसते बाइट जुळवून क्रम लावतो. म्हणून ‘ज्ञ’ जाऊन बसला ‘ज’च्या घरात, ‘क्ष’ ‘क’च्या घरात, आणि ‘ळ’ आला ‘ल’ आणि ‘व’च्या मधे. मराठीचा खरा क्रम कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला आहे, हे मला त्या रात्री एसटीच्या प्रवासात वाचताना कळलं. युनिकोडच्या सीएलडीआर या प्रकल्पात भाषांचे क्रम, तारखा, आकडे लिहिण्याच्या पद्धती अशी सगळी माहिती साठवलेली असते आणि आयसीयू नावाची मोफत लायब्ररी ती वापरायला देते. अँड्रॉइडवर तर क्रम लावताना ‘लोकलाइज्ड’ एवढा एक शब्द जोडला की फोनच्या भाषेचे नियम लागू होतात. डेस्कटॉपवर मात्र तुलनेचं फंक्शन आपल्यालाच डेटाबेसला जोडून द्यावं लागतं. वीसेक ओळींचं काम. पण ते करायचं असतं, हे मला बाईंच्या खणानं सांगितलं.

एसक्युलाइटबद्दल थोडं सांगतो, कारण त्याच्या जन्माचा किस्सा मी नव्या मुलांना आवर्जून सांगतो. 2000 साली रिचर्ड हिप अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर होता. तो सर्व्हर बंद पडला की ‘जोडणी होत नाही’ ही सूचना यांच्या प्रोग्रामच्या पडद्यावर उमटायची आणि दोष यांच्या माथी यायचा. मग सर्व्हर हवाच कशाला, डेटाबेस म्हणजे साधी एक फाइल का असू नये, हा विचार त्यांनी धरला. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये तो आहे, आणि त्यावर कोणाचाही मालकी हक्क नाही. त्याच्या चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या पाचशे पटींहून जास्त भरतो. मधेच वीज गेली तर काय होईल, याचं नाटक त्या चाचण्या पुन्हा पुन्हा करून बघतात. आमच्या वाचनालयात उन्हाळ्यात दुपारी वीज जायची आणि यूपीएस केव्हाच मेलेला होता. वर्षभरात एकही नोंद खराब झाली नाही, याचं श्रेय आमचं नाही. आम्ही एवढंच पाळलं, की प्रोग्राम चालू असताना ती फाइल नुसती कॉपी करून बॅकअप घ्यायचा नाही, डेटाबेसची स्वतःची बॅकअपची सोय वापरायची.

वाचनालयाकडे जुनी यादी होती, पण ती युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टंकलेली. ज्यांनी शिवाजी, कृतीदेव, श्रीलिपीच्या काळात कामं केली त्यांना ही डोकेदुखी माहीत आहे. त्या फाँटमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचेच आकडे साठवलेले असतात, वरून फक्त मराठी आकार चढवलेला. फाँट काढला की खाली गिचमिड उरते. इंटरनेटवर रूपांतराची साधनं मोफत मिळतात. आम्ही एक चालवलं आणि ‘स्थिती’चं ‘सि्थती’ झालेलं पाहून थांबलो. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी दिसते त्या जागी, म्हणजे अक्षराच्या आधी टंकतात. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमानं, अक्षरानंतर येते. म्हणजे रूपांतर करताना वेलांटी उचलून अख्खं जोडाक्षर ओलांडून पलीकडे ठेवावी लागते. रफाराचं बरोबर उलटं : तो डोक्यावर दिसतो म्हणून नंतर टंकलेला, पण उच्चारात आधी, म्हणून मागे आणायचा. आम्हाला तीन आठवडे लागले. शेवटी साधनानं केलेलं काम बाईंनी दाखल रजिस्टर पुढ्यात घेऊन ओळीओळीनं तपासलं. त्या तपासणीला पर्याय मला आजवर सापडलेला नाही.

आणि मग ‘ऱ्या’. एके दिवशी फोन आला, की ‘दऱ्या’ असं नाव असलेलं पुस्तक कपाटात आहे, यादीत डोळ्यांना दिसतंय, पण शोधलं की सापडत नाही. समुद्र म्हणजे ‘दर्या’ आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’, हा फरक मराठीत जिवंत आहे. आचार्यास आणि आचाऱ्यास यांत तर गुरू आणि स्वयंपाकी इतकं अंतर. हा आडवा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त. दुसरी, साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. बाईंच्या संगणकाचा कीबोर्ड पहिल्या तऱ्हेनं लिहायचा, आमचं रूपांतराचं साधन दुसऱ्या.

‘ॲप’ या शब्दाचंही हेच. पूर्वी तो ‘अ’वर चंद्र ठेवूनच लिहावा लागे. सलग ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा 2008 साली मिळाली. आज दोन्ही प्रकारचा मजकूर आजूबाजूला पडलेला आहे, आणि युनिकोडचा प्रमाणीकरणाचा नियम या दोघांना एक मानत नाही. म्हणून शोधाची सोय करताना पुस्तकाचं नाव दोनदा साठवायचं : एक टंकलं तसं, दाखवण्यासाठी. दुसरं शोधासाठी, ज्यात सगळे ‘ऱ्या’ एका तऱ्हेचे, सगळे ‘ॲ’ एका तऱ्हेचे आणि न दिसणारी चिन्हं साफ केलेली. वापरणाऱ्यानं टंकलेला शब्दही याच गाळणीतून घालायचा, मग जुळवायचा.

बटणावर कोणता शब्द लिहायचा, हे मी तोवर किरकोळ काम समजायचो. आमच्या पडद्यावर एक बटण होतं : ‘पुस्तक काढा’. आमच्या मनात त्याचा अर्थ, नोंद यादीतून पुसून टाका. वाचनालयात ‘पुस्तक काढणं’ म्हणजे सभासदाला देण्यासाठी कपाटातून बाहेर काढणं. एका शनिवारी गर्दी होती. बाई रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी बसलेल्या मुलीनं सभासदाला पुस्तक देताना दर वेळी ते बटण दाबलं. संध्याकाळी यादीतली अकरा पुस्तकं नाहीशी. बॅकअपमधून ती परत आणली, पण त्या मुलीचा रडवेला चेहरा मी विसरलेलो नाही. चूक पूर्णपणे आमची होती. सोमवारी आम्ही दिवसभर नुसते टेबलाजवळ बसून राहिलो आणि तिथे कोणते शब्द बोलले जातात ते वहीत लिहून घेतले. देवघेव. दाखल क्रमांक. अनामत. वर्गणी. फाटकी पुस्तकं यादीतून कमी करण्यालाही त्यांचा शब्द होता, निर्लेखन. दुसऱ्या दिवशी पडद्यावरचे सगळे शब्द बदलले. निर्लेखित पुस्तकही प्रत्यक्षात पुसायचं नाही, त्यावर फक्त खूण करायची, हेही तेव्हाच ठरलं.

पुढे वाचताना कळलं, की ॲपल कंपनीत लिसा संगणकाच्या वेळी असंच घडलं होतं. ‘ठीक आहे, कर’ अशा अर्थानं बटणावर ‘डू इट’ लिहिलेलं. इंग्रजीतला मोठा आय त्या फाँटमध्ये लहान एलसारखा दिसे, दोन शब्दांमधली फटही बारीक. चाचणीला बसलेल्या काहींनी ते ‘डोल्ट’, म्हणजे मूर्ख, असं वाचलं. संगणक आपल्याला मूर्ख का म्हणतोय, हे एकाला कळेना. त्यानंतर तिथे ‘ओके’ आलं, ते आज जगभरच्या पडद्यांवर आहे. वापरणाऱ्या माणसाला समोर बसवून गप्प राहून बघण्याचा आग्रह त्या गटात लॅरी टेसलर यांचा होता.

फोनवरचं ॲप नंतर आलं. सभासदाला घरबसल्या मुदत वाढवून घेता यावी, एवढाच त्याचा हेतू. अँड्रॉइडसाठी खात्याचे एकदाच 25 डॉलर भरायचे, आयफोनसाठी दर वर्षी 99. वाचनालयाच्या ऐपतीप्रमाणे अँड्रॉइड निवडलं. नव्या वैयक्तिक खात्यावरून प्ले स्टोअरवर ॲप आणायचं तर आधी 12 जणांना सलग 14 दिवस चाचणीत सामील ठेवावं लागतं. बरेच जण ही अट मित्रांकडून कशीबशी उरकून घेतात. आम्ही बारा सभासद निवडले, आणि त्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी आमचं ॲप वाचवलं.

गुरुजींच्या पुस्तकाची मुदत संपून आठवडा झाला तरी ॲप त्यांना गप्पच. त्यांनीच प्रामाणिकपणे कळवलं. आमच्या फोनवर सगळं व्यवस्थित. तीन रात्री कोड वाचला, काही सापडेना. शेवटी त्यांच्या घरी गेलो, त्यांचा फोन हातात घेतला आणि पाहिलं : अख्खा फोन मराठीत. फोनची भाषा मराठी असली की तारीख लिहिणारं फंक्शन काही सांगितलं नाही तर मराठी आकडे वापरतं. ते योग्यच आहे. पण आम्ही तीच तारीख डेटाबेसमध्ये मजकूर म्हणून ठेवत होतो. ‘२०२५-०६-१०’ असा मजकूर बाइटच्या हिशोबानं कुठल्याही इंग्रजी आकड्यांच्या तारखेच्या नंतरच येतो, आणि आजची तारीख डेटाबेस स्वतः इंग्रजी आकड्यांत देत होता. म्हणजे गुरुजींची मुदत कधीच संपणार नव्हती. दुरुस्ती एका ओळीची : माणसाला दाखवायची तारीख फोनच्या भाषेत, यंत्रासाठी साठवायची तारीख भाषा न मानणाऱ्या ‘रूट’ या ठरलेल्या साच्यात.

मला लागलं ते वेगळंच. मराठी वाचनालयासाठी मराठी ॲप करणाऱ्या आम्हा दोघांचे फोन पहिल्या दिवसापासून इंग्रजीत होते. त्याच रात्री मी माझा फोन मराठीत केला. पहिल्या तासात आमच्याच ॲपमध्ये तीन बटणांवरचे रफार वरून कापलेले दिसले, कारण ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापानं ठरवली होती. तेव्हापासून ‘कर्तृत्वाची’, ‘ऱ्हस्व’, ‘सर्वांनीं’ असे उंच-खोल शब्द भरलेला एक पडदा मी प्रत्येक ॲपमध्ये चाचणीसाठी ठेवतो. मजकुराची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नीट सांगितलं, तर ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ही मराठी वळणाचे उमटतात. नोटो आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा मुक्ता हे फाँट मोफत आहेत. दोन्ही वापरून पाहावेत.

मोजणीचाही घोटाळा झाला. ‘क्षत्रिय’ शब्दात अक्षरं किती? माणूस म्हणेल तीन. साठवणीत बाइट लागतात 24. चिन्हं भरतात 8. आणि युनिकोडच्या अक्षरगटाच्या जुन्या नियमानं उत्तर यायचं 5, कारण जोडाक्षर हलन्तापाशी तोडलं जायचं. देवनागरीचं जोडाक्षर एकसंध धरणारा नियम 2023 साली 15.1 या आवृत्तीत आला. जुन्या लायब्ररी अजून पाचच म्हणतात. नावाच्या रकान्याला ‘दहा अक्षरं’ अशी मर्यादा घालताना यातलं नेमकं काय मोजतोय, हे विचारलंच पाहिजे. आम्ही विचारलं नव्हतं, आणि एका सभासदाचं आडनाव लोंबत्या हलन्तावर तुटून छापलं गेलं. एसएमएसचं बिल दुप्पट आलं तेही यामुळेच. इंग्रजी संदेशात 160 अक्षरं मावतात, मराठीत 70 चिन्हं. ‘पुस्तक परत करण्याची मुदत संपली’ यात डोळ्यांना सोळा अक्षरं दिसतात, मोजणीत जागा धरून तीस भरतात. आमचा लांबलचक विनम्र संदेश दर वेळी दोन एसएमएस खात होता. खजिनदारांनी दाखवलं, आम्ही तो बसून छोटा केला.

ही मोजणी दुरुस्त करताना मी एक चूक केली. अक्षर म्हणजे अख्खा गट, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं, की टंकण्याच्या चौकटीत बॅकस्पेसलाही अख्खा गट पुसायला लावला. तर्क स्वच्छ वाटत होता. दुसऱ्या दिवशी बाई एका पुस्तकाच्या नावातला ‘स्त्री’ टंकत होत्या. दीर्घऐवजी ऱ्हस्व वेलांटी पडली. बॅकस्पेस दाबला, तर स, त, र सगळंच गेलं.

“वेलांटी चुकली तर अख्खं अक्षर का पुसायचं हो?”

मी खुर्ची ओढून तिथेच बसलो आणि माझ्या त्या चाळीस ओळी काढून टाकल्या. फोनचा आणि संगणकाचा मूळ बॅकस्पेस मागून एकेक चिन्हच पुसतो, तोच राहू दिला. बाईंनी पुन्हा टंकलं, एकदा बॅकस्पेस दाबला, वेलांटी तेवढी गेली, दुसरी दिली, आणि दाखल क्रमांकाकडे वळल्या.