‘घरात कुणी पुरुष आहे का?’



२०२१चा एप्रिल महिना आठवतो ना? कोरोनाची दुसरी लाट होती. दिवसभर फोनवर निरोप येत : ‘तातडीने प्लाझ्मा हवा. बी पॉझिटिव्ह. कोरोनातून बरे झालेले फक्त पुरुष दाते.’ आमच्या गल्लीतल्या एका मुलीने असाच एक निरोप वाचला. वय तेवीस, लग्न झालेलं नाही, वजन छप्पन्न किलो, दोन महिन्यांपूर्वी कोरोनातून बरी झालेली आणि रक्तगटही तोच. तिने लगेच फोन लावला. पलीकडून आवाज आला, “ताई, घरात कुणी पुरुष आहे का?” तिने फोन ठेवला आणि मला विचारलं, “मावशी, आपलं रक्त काय कमी दर्जाचं असतं का?”

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. आज देते.

रक्तातल्या लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बाजूला काढल्या, की उरतो तो पिवळसर द्रव म्हणजे प्लाझ्मा. आजाराशी लढताना शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, ती या द्रवात असतात. बऱ्या झालेल्या माणसाची प्रतिपिंडं आजारी माणसाला द्यायची, ही प्लाझ्मा उपचारामागची कल्पना.

आता बाईचा मुद्दा. पोटातल्या बाळाचा निम्मा वारसा बापाकडून आलेला असतो. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात येतात. आईचं शरीर त्यांतला बापाकडचा भाग परका समजतं आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवू शकतं. आईला त्यांचा काही त्रास नसतो. पण असा प्लाझ्मा दुसऱ्याला दिला, तर क्वचित ही प्रतिपिंडं त्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशींवर तुटून पडतात. सहा तासांच्या आत फुप्फुसांत पाणी भरतं, श्वास कोंडतो. डॉक्टर याला ‘ट्राली’ म्हणतात. यात माणूस दगावूही शकतो. कोरोनाच्या रुग्णाची फुप्फुसं आधीच थकलेली, तिथे हा धोका कोण पत्करणार?

म्हणजे नियमाला आधार आहे. ब्रिटनने २००३च्या अखेरीपासून रुग्णांना द्यायचा प्लाझ्मा शक्यतो पुरुषांकडूनच घ्यायला सुरुवात केली आणि ट्रालीचं प्रमाण खरोखरच घटलं.

मग चुकलं कुठे? नियम सांगण्यात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२०मध्ये ३९ रुग्णालयांत प्लाझ्माची चाचणी घेतली. तिच्यात दाते कोण चालणार होते? पुरुष, आणि मूल न झालेल्या स्त्रियासुद्धा. वजन ५० किलोंहून जास्त असलं म्हणजे झालं. दिल्लीत जुलै २०२०मध्ये प्लाझ्मा पेढी सुरू झाली, तेव्हाही जाहीरपणे सांगितलं होतं ते हेच, की कधी गरोदर राहिलेल्या स्त्रियांचा प्लाझ्मा घेता येणार नाही. कागदावर अट होती गर्भधारणेची. फोनवरून फोनवर जाताना ती झाली ‘फक्त पुरुष’.

अमेरिकेतल्या रक्तदात्यांचा एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. कधीच गरोदर न राहिलेल्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींत ही प्रतिपिंडं सापडली. एकदा गरोदर राहिलेल्यांत अकरा जणींत, दोनदा राहिलेल्यांत बावीस-तेवीस जणींत. म्हणजे दोन लेकरांच्या आयांमध्येही तीन चतुर्थांशांहून जास्त जणींच्या रक्तात ती नव्हती. ती आहेत की नाहीत, हे चाचणी करून कळतं. काही देशांत अशी चाचणी करून बायकांचा प्लाझ्मा घेतातही. आपल्याकडे घाईच्या दिवसांत चाचणीपेक्षा ‘बाई नको’ म्हणणं सोपं होतं.

या सोप्या शब्दांची किंमत आपण मोजतो. बाईचं रक्त अशुद्ध, बाई कमजोर, असं ऐकतच आपण मोठ्या झालो. त्यावर ‘फक्त पुरुष’ असा दवाखान्याचा म्हणून निरोप आला, की जुन्या समजुतीला नवा शिक्का मिळतो.

दुसरी बाजूही बघू. ‘तुम्ही कधी गरोदर होता का?’ हा प्रश्न विचारावाच लागतो. गर्भपात झाला असेल, तरी तो लागू होतो. पण चार नातेवाइकांसमोर विचारला, तर लग्न न झालेली मुलगी काय उत्तर देईल? मूल होत नाही म्हणून टोमणे खाणारी सून काय सांगेल? हा प्रश्न एकांतातच विचारायला हवा आणि उत्तर तिथेच राहायला हवं. तरच खरं उत्तर मिळेल आणि रुग्णही सुरक्षित राहील.

प्लाझ्माने कोरोनाचे मृत्यू कमी होत नाहीत, हे पुढे चाचण्यांतून दिसलं आणि मे २०२१मध्ये तो उपचार कोरोनाच्या मार्गदर्शक सूचनांतून काढला गेला. पण भाजलेल्यांना, यकृताच्या रुग्णांना, बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या बाईला प्लाझ्मा आजही लागतो. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटसाठी निरोप फिरतात, त्यांतही ‘फक्त पुरुष’ दिसतंच.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ही अट प्लाझ्माची आहे, साध्या रक्तदानाची नाही. दोन लेकरांची आईसुद्धा रक्त देऊ शकते. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन साडेबारा हवं. गरोदरपणात, बाळंतपणानंतर वर्षभर, बाळ अंगावर पीत असताना आणि पाळीच्या दिवसांत द्यायचं नाही. दोन रक्तदानांत चार महिन्यांचं अंतर ठेवायचं.

आपली खरी अडचण साडेबाराची आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं, पुरुषांत पंचवीस जणांच्या. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईला शिबिरातून परत पाठवतात आणि लोक म्हणतात, बायका रक्त द्यायला पुढे येत नाहीत.

तेव्हा मैत्रिणींनो, असा निरोप तुमच्या फोनवर आला, तर पुढे पाठवण्याआधी रक्तपेढीला नेमकी अट विचारा आणि ‘फक्त पुरुष’च्या जागी तीच लिहा. ती मुलगी आता दर चार महिन्यांनी रक्त देते. मागच्या शिबिरात तिचं हिमोग्लोबिन साडेतेरा भरलं. तिच्याबरोबर तिची आईही आली होती. आईचं अकरा निघालं. गोळ्या सुरू केल्यात, आणि दुपारी ती आता लेकीबरोबरच जेवायला बसते.