हरवलेला ठोका

रस्त्याच्या कडेला इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या मोटारीचा आवाज तुम्ही कधी लक्ष देऊन ऐकला आहे काय? इंजिन निरोगी असेल तर आवाज एकसारखा येतो. पण कधी कधी मध्येच एखादा ठोका गळतो आणि सारी गाडी हिव भरल्यासारखी थरथरते. गॅरेजमधील मंडळी म्हणतात, ‘गाडी मिसिंग मारते आहे.’

आमच्या शेजारी भाजीची वाहतूक करणारे एक गृहस्थ राहतात. त्यांच्या सीएनजीवर चालणाऱ्या पिकअपला हा रोग दोन महिने जडला होता. पहाटे मेथी-कोथिंबीर भरून बाजार गाठायचा. गाडी वाटेत रुसली की माल कोमेजतो, पण कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. एका गॅरेजात चारही प्लग, कॉइल आणि एअर फिल्टर एकदम बदलून झाले. पैसे गेले, मिसिंग राहिले. मग एका वयस्कर मिस्त्रींनी ते कसे शोधले, ते मी शेजारी उभा राहून पाहिले. तो पदार्थविज्ञानाचा एक उत्तम धडाच होता.

प्रथम थोडे गणित करू. या इंजिनात चार सिलिंडर आहेत. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एकदा ज्वलन होते. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ७२० फेरे घेत असेल तर सेकंदाला १२ फेरे झाले. म्हणजे प्रत्येक सिलिंडरचे ६ ठोके आणि चौघांचे मिळून २४. एक सिलिंडर निकामी झाला की सेकंदाला ६ ठोके हरवतात. ठोका हरवला की इंजिनाचा दांडा क्षणभर मंदावतो. आजच्या गाडीतील संगणक हा मंदपणा मोजतो आणि कोणता सिलिंडर चुकला ते सांगतो. येथे त्याने ‘पी ०३०३’ हा संकेत दिला होता. अर्थ असा, की तिसरा सिलिंडर ठोका चुकवतो. पण संगणकाने ‘कोठे’ ते सांगितले, ‘का’ ते नाही!

ज्वलनाला तीन गोष्टी लागतात : इंधन आणि हवा यांचे योग्य मिश्रण, पुरेसा दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. यांपैकी काय कमी पडत होते?

मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला, ‘मिसिंग केव्हा मारते? घाट चढताना की उभी असताना?’ उत्तर आले, ‘उभी असताना. वेगात नीट पळते.’ या प्रश्नात मोठे मर्म आहे. मोकळ्या हवेत १ मिलिमीटरच्या फटीतून ठिणगी पडण्यास सुमारे ३,००० व्होल्ट किंवा थोडे अधिक लागतात. वायू दाबला की त्याचे रेणू दाटीने येतात आणि ठिणगीला कितीतरी अधिक व्होल्ट लागतात. घाटात इंजिन भरपूर मिश्रण आत घेते, दाब वाढतो. म्हणून दुबळी ठिणगी सहसा आधी घाटात हरते. गळतीचे उलट असते. इंजिन सावकाश फिरत असते तेव्हा गळून जायला भरपूर वेळ मिळतो. वेग वाढला की तेवढा वेळ उरत नाही.

हे तुम्ही सायकलच्या पंपावर पडताळू शकता. पंपाच्या तोंडावर बोट सैलसर धरा. दांडा हळू दाबला तर हवा मुकाट्याने निसटते. झटकन दाबला तर बोटाला जोर लागतो. भोक तेच, फरक फक्त वेळेचा!

तरीही मिस्त्रींनी अंदाजावर विसंबून इंजिन खोलले नाही. त्यांनी तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावली आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर. दोष कॉइलचा असता तर तो तिच्याबरोबर दुसऱ्याकडे गेला असता. पण मिसिंग तिसऱ्यातच राहिले. मग प्लगांची अदलाबदल केली, नंतर गॅस सोडणाऱ्या इंजेक्टरांची. एका वेळी एकच बदल! दोष जागचा हलला नाही. म्हणजे ठिणगी आणि इंधन दोन्ही निर्दोष ठरले. उरला दाब.

दाबमापक लावला तेव्हा तीन सिलिंडरांत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२ किलो दाब भरला, तिसऱ्यात अवघा ७. गळती होती खरी, पण कोठून? त्यांनी तिसऱ्यात चमचाभर तेल सोडले. दट्ट्याच्या कड्या झिजल्या असत्या तर तेलाने फटी तात्पुरत्या बुजून दाब वाढला असता. तो फारसा वाढला नाही. मग दोन्ही झडपा मिटलेल्या असतील अशा स्थितीत दट्ट्या आणून सिलिंडरमध्ये बाहेरून दाबाची हवा सोडली. ती सुस्कारत सायलेन्सरमधून निघाली! एअर फिल्टरकडून आवाज आला असता तर आत घेणारी झडप दोषी ठरली असती. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले असते तर गॅसकेट. येथे धूर बाहेर टाकणारी झडप नीट मिटत नव्हती.

असे का व्हावे? झडप धातूची, तापली की तिची लांबी वाढते. १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी दांडा ५०० अंश सेल्सिअसने तापला तर सुमारे ०.६ मिलिमीटर वाढतो. इंजिनाचा माथाही तापून वाढत असल्याने प्रत्यक्ष फरक कमी पडतो. तरी तेवढ्यासाठी झडपेच्या टोकाशी बारीक फट ठेवावी लागते. गॅस हे कोरडे इंधन असल्याने झडपेची बैठक अधिक झिजते, झडप आत रुतत जाते आणि ती फट हळूहळू संपते. मग झडप पुरती टेकतच नाही. मिस्त्रींनी फिलर गेजने मोजून टॅपेट सेट केले. झडप अजून जळलेली नव्हती, म्हणून तिसऱ्याचा दाब ११ वर आला. हरवलेला ठोका सापडला! आणखी उशीर झाला असता तर झडप जळाली असती आणि न जळालेले इंधन सायलेन्सरच्या मार्गात पेटून तेथील धूर शुद्ध करणारे महागडे यंत्रही निकामी झाले असते.

पहिल्या गॅरेजात सामान नवे होते, पण प्रश्न एकही विचारला गेला नव्हता. मिस्त्रींच्या प्रत्येक कृतीने यंत्राला एकच प्रश्न केला, आणि ‘नाही’ हे उत्तरही उपयोगी पडले. प्रयोगशाळेत तुमचे विद्युतमंडळ चालेनासे झाले की घट, तारा आणि दिवा एकदम बदलू नका, एकेक बदला. मात्र गाडीची कॉइल हाताळू नका. तिच्यातून हजारो व्होल्ट निघतात. ते काम जाणकारावर सोपवा, आणि तुम्ही शेजारी उभे राहून नीट पाहा.