चार पट्ट्या आणि एक काळा दगड

देहूच्या मुलांना झेंड्यांचं काय कौतुक सांगायचं! ज्येष्ठात तुकोबांची पालखी निघते तेव्हा इंद्रायणीच्या काठी जिकडे बघावं तिकडे पताका. दिंडीत पुढे पताकावाले, मागे टाळकरी. सगळ्या पताकांचा रंग एकच, त्यामुळे 'हा रंग कशाचा?' असं कुणी विचारतसुद्धा नाही.

आता जरा रंगपेटी उघडा. लाल, निळा, पिवळा, हिरवा असे चार खडू काढा. कागदावर याच क्रमाने, एकाखाली एक, सारख्या जाडीच्या चार आडव्या पट्ट्या रंगवा. झाला मॉरिशसचा झेंडा! ना चक्र, ना चांदणी, ना पक्षी. चित्रकलेत ज्यांचं काही खरं नाही (म्हणजे माझ्यासारख्यांचं), त्यांच्यासाठी असा सोयीचा राष्ट्रध्वज शोधून सापडायचा नाही. गंमत म्हणजे इतकी सोपी कल्पना, पण निव्वळ चार समान आडव्या पट्ट्या दुसऱ्या कुठल्याही देशाच्या झेंड्यात नाहीत.

मॉरिशस म्हणजे हिंदी महासागरातलं एक छोटं बेट. मुंबईपासून सुमारे ४,७०० किलोमीटर लांब. तिथे आधी डच आले, मग फ्रेंच, आणि १८१० मध्ये इंग्रजांनी ते फ्रेंचांकडून जिंकून घेतलं. १२ मार्च १९६८ ला भर दुपारी बारा वाजता पोर्ट लुई शहरातल्या शां-द-मार्स मैदानावर इंग्रजांचा झेंडा उतरला आणि या चार पट्ट्या वर चढल्या. एरवी त्या मैदानावर घोड्यांच्या शर्यती लागतात! बारा मार्चच का? तर १९३० मध्ये याच तारखेला गांधीजी दांडीयात्रेला निघाले होते. त्याची आठवण म्हणून हा दिवस निवडला, असं सांगतात.

लाल पट्टी स्वातंत्र्यासाठी केलेल्या झगड्याची. निळी चहूबाजूंच्या समुद्राची. पिवळी स्वातंत्र्याच्या नव्या उजेडाची. आणि हिरवी? ती शेतीची, बाराही महिने हिरव्या राहणाऱ्या बेटाची.

या हिरव्या पट्टीपाशी जरा थांबू या. मॉरिशसची शेती म्हणजे मुख्यतः ऊस. इतका ऊस लावला कुणी, तोडला कुणी? आधी आफ्रिका आणि मादागास्करहून पकडून आणलेल्या गुलामांनी. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मळेवाल्यांना तर माणसं हवीच होती. म्हणून ती बंद होण्याच्या सुमारासच करारावर मजूर आणायला सुरुवात झाली. १८३४ पासून पुढची काही दशकं जहाजंच्या जहाजं भरून भारतातली माणसं तिथे उतरली, साडेचार लाखांच्या आसपास. त्यातली काही जहाजं मुंबई बंदरातून सुटलेली, आणि त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसं होती. जिथे ती उतरली, त्या धक्क्याला आता 'आप्रवासी घाट' म्हणतात आणि २००६ पासून तो जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे.

त्यांची पणतवंडं-खापरपणतवंडं आज मॉरिशसची नागरिक आहेत. घरी बहुतेक जण क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकता येतं. गणेशचतुर्थीला तर अख्ख्या देशाला सुट्टी असते! आणि तेव्हा कोकणातल्या जाखडीसारखा फेर धरून नाचतात, त्याला तिथे 'झाकरी' म्हणतात. शब्दसुद्धा बोटीत बसून गेला आणि जाता जाता थोडा बदलला. मला तरी त्या हिरव्या पट्टीत ही ऊसतोड करणारी माणसं दिसतात.

झेंड्यावर प्राणी नाही म्हणून नाराज झालात? मग मॉरिशसचं राजचिन्ह बघा. ढालीच्या एका बाजूला डोडो, दुसऱ्या बाजूला सांबर. डोडो अस्सल तिथला पक्षी, पण डच आले आणि शंभर वर्षांच्या आत तो कायमचा संपला. सांबर डचांनी जावा बेटावरून आणलं, ते मात्र रानात चांगलं रुजलं. म्हणजे एक तिथला, पण उरला नाही. दुसरा उरला, पण तिथला नव्हता!

आता खरी आश्चर्याची गोष्ट. तुमच्या देहूजवळच्या भंडारा डोंगराचा काळा दगड आहे ना, तो बेसॉल्ट. थिजून घट्ट झालेला लाव्हा. मॉरिशसचं बेटही बेसॉल्टचंच. आणि भूशास्त्रज्ञ म्हणतात, दोन्ही एकाच चुलीवरचे! पेटत्या मेणबत्तीवरून एखादा कागद हळूहळू सरकवतोय अशी कल्पना करा (नुसती कल्पनाच, नाहीतर आई माझ्या नावाने ओरडेल). ज्योत एकाच जागी, पण कागदावर डागांची रांग उमटते. तसंच जमिनीच्या खूप खाली एक तापलेली जागा होती आणि तिच्यावरून पृथ्वीचं कवच सरकत होतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला दख्खन तिच्यावर होता, तेव्हा इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. मग आपण उत्तरेकडे सरकलो. त्या चुलीवर पुढे लक्षद्वीप-मालदीवच्या खालचे डोंगर शिजले, आणि फार नंतर, साधारण ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस समुद्रातून वर आलं. चूल अजून विझलेली नाही बरं का! मॉरिशसच्या शेजारच्या रियुनियन बेटावर आजही ज्वालामुखी धगधगतो.

म्हणजे रत्नागिरीची माणसं बोटीतून उतरली, तेव्हा पायाखाली दगड मात्र ओळखीचाच होता. घरच्यासारखाच काळा.

त्या दगडाला झेंड्यात पट्टी मिळालेली नाही. असो. तुम्ही रंगवलेला कागद पंख्याच्या वाऱ्याने उडायला लागला, तर त्यावर ठेवायला भंडाऱ्याच्या पायथ्याचा एक काळा खडा घेऊन या.